माज की उन्हाळी

कस्तूरीच्या घरात सवत आली ती लग्नानंतर सहा महिन्यांनी, आणि आली ती तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या आतून.

मी समोरच्या घरात राहते. जतहून लग्न होऊन इकडे मुधोळच्या बाजूला आले त्याला इतकी वर्षं झाली, की आता भांडते कानडीत आणि पैसे तेवढे मराठीत मोजते. ओट्यावर शिलाईचं मशीन टाकून बसते, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं ते मला विचारावं लागत नाही. त्या दिवशी कस्तूरीचा नवरा यमनप्पा मोटरसायकलवरून उतरला, सदऱ्याची दोन बटणं सोडली आणि आतून कुत्र्याचं मुठीएवढं पिल्लू काढलं. त्याची आई व्याल्यावर मेली होती, भावंडं गेली होती, हे एक तेवढं चिवट निघालं होतं. पांढरं, अंगावर राखेची झाक.

"अव्वा, दूध कोमट कर," त्यानं दारातूनच आईला हाक दिली. "कस्तूरी, डोळ्यात औषध घालायची नळी कुठं ठेवलीस? पळ, पळ!"

कस्तूरी पळाली. त्यानंतर ती वर्षभर पळतच होती.

पिल्लाचं नाव बेळ्ळी ठेवलं. बेळ्ळी म्हणजे चांदी. आमच्या भागात ही उंच पायांची, पोट पाठीला लागलेली शिकारी कुत्री म्हणजे लोकांचा जीव. यमनप्पाच्या वडिलांनाही नाद होताच. त्यामुळे तो रात्र रात्र पिल्लाला छातीवर घेऊन बसला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते कस्तूरीला. तिच्या माहेरी, गोकाककडे, कुत्रं दारात असायचं आणि उरलेली भाकरी खायचं. इथं बेळ्ळीला रोज सकाळी अंडं. संध्याकाळी यमनप्पा तिच्या पायांना तेल चोळायचा. पहाटे तिला नदीच्या वाटेला पळवायला न्यायचा आणि परत आला की तिच्याशीच बोलत बसायचा, "काय गं माझी राणी, दमलीस? ससा दिसला होता न्हाई का तुला?"

"सावक्का," कस्तूरी एकदा माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली तेव्हा म्हणाली, "तो आवाज ऐकलास? तसल्या आवाजात त्यानं मला एकदा तरी हाक मारलीय का, सांग."

"अगं, कुत्र्याशी बोलायचा आवाज आहे तो. तुझ्याशी तसं बोलला तर तूच चप्पल घेऊन मागं लागशील."

"लागू दे की. आधी बोलू तर दे."

ती हसली नाही. जत्रेतल्या शर्यतीत बेळ्ळी तिसरी आली, तेव्हा यमनप्पानं तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला, फ्रेम करून पुढच्या भिंतीला लावला. लग्नाचे फोटो अजून स्टुडिओच्या पाकिटात, ट्रंकेत. कस्तूरीनं हे मला सांगितलं तेव्हा मी मापाची पट्टी शोधायचं सोंग केलं. एकदा ती नवी इरकल नेसून अंगणात उभी राहिली. यमनप्पा जवळ आला, वाकला आणि तिच्या पायाशी बसलेल्या बेळ्ळीच्या कानातलं गोखरू काढून निघून गेला. हे तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बेळ्ळी मात्र बिचारी साधी होती. कस्तूरी अंगणात आली की शेपूट हलवायची. कस्तूरी म्हणायची, "बघ, नाटकं. माझ्या मागनं आली आणि माझ्या पुढं गेली."

उन्हाळा लागला. त्या वर्षी ऊस उशिरापर्यंत उभा होता, कस्तूरी दिवसभर रानात. आजूबाजूला गडीमाणसं, आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं आणि घरी येईपर्यंत लघवी धरून ठेवायची. आम्ही सगळ्याच बायका हेच करत आलोय. तिला उन्हाळी लागली. लघवीला बसलं की आग, चार थेंब झाले की थांबतं, उठलं की पुन्हा जावंसं वाटतं. सासूनं, गौरव्वानं, धन्याचं पाणी खडीसाखर घालून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. मग ओटीपोटात कळ यायला लागली.

"यजमानांना सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, पाणी जास्त पी. बाजाराला जाऊ तेव्हा दाखवू." तिनं दोन बोटं वर केली. "बाजाराला दोनदा गेले. एकदा तिच्या गळ्याचा पट्टा आणला, एकदा कॅल्शियमची बाटली."

मी म्हटलं, चल, मी नेते तुला. तर म्हणाली, "नको. त्यांनीच न्यायला पाहिजे." अशी हट्टी. दुखणं अंगावर काढायचं, पण नवऱ्यानं विचारल्याशिवाय बरं व्हायचं नाही.

आणि त्याच दिवसांत एका सकाळी यमनप्पा ओरडत बाहेर आला. अंगणातल्या शहाबादी फरशीवर बेळ्ळी बसली होती तिथं लाल डाग होता.

"अव्वा! बेळ्ळी माजावर आली!"

घरात जणू सोयरीक जमली. गौरव्वानं खरंच बेळ्ळीच्या कपाळाला कुंकू लावलं. यमनप्पानं पलीकडच्या गावच्या रामनगौडांना फोन लावला. गौडांचा हुली म्हणजे आमच्या चार गावांतला सगळ्यात देखणा नर. एरवी पहिल्या माजाला कुत्रीला नर दाखवत नाहीत, ते यमनप्पालाही माहीत होतं, पण हुलीला विजापूरचा कुणी तरी नेणार होता आणि पुन्हा असा नर मिळायचा नाही, म्हणून तो उतावीळ झाला होता. गौडा म्हणाले, सोमवारी आण. यमनप्पानं टेम्पो ठरवला. गावातलं कुत्रं शिवू नये म्हणून बेळ्ळीला मागच्या खोलीत साखळीनं बांधून टाकलं. आणि टेम्पोत तिला अंथरायला म्हणून कस्तूरीची मऊ झालेली जुनी साडी ट्रंकेतून काढली.

ती साडी हातात घेऊन कस्तूरी माझ्याकडे आली. तोंड पांढरं पडलेलं.

"माझ्या अंगात आग लागलीय तर मला धन्याचं पाणी. आणि तिच्या एका थेंबाला टेम्पो!" ती म्हणाली. "सावक्का, मी मेले तर हा माणूस मला नेताना विचारेल, कुत्रीचं जेवण कोण बघणार?"

मी तिला ताक दिलं. तिनं ते पिऊन टाकलं आणि लगेच उठून माझ्या न्हाणीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती.

आता जे सांगते ते कस्तूरीनं मला नंतर सांगितलं. एखाद्याचा राग आला की आपण त्याच्याकडेच जास्त बघतो. यमनप्पा बेळ्ळीकडे प्रेमानं बघायचा, त्याला ती सुंदरच दिसायची. कस्तूरी जळून बघत होती, म्हणून तिला बारीकसारीक सगळं दिसलं. कळा सुरू झाल्यापासून ती रानात जात नव्हती, म्हणून दुपारी तीच बेळ्ळीला साखळीला धरून परसात न्यायची. बेळ्ळी बसायची, अंग थरथरायचं, थोडेसे थेंब पडायचे. दोन पावलं चालायची, पुन्हा बसायची. मान मागं वळवून बघायची, जणू मागून कुणी टोचतंय. रक्त दिसायचं ते शेवटच्या थेंबांना.

कस्तूरी तिथंच उभी राहिली. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं.

तिनं आधी स्वतःलाच वेड्यात काढलं. पण चैन पडेना. यमनप्पा रानात गेल्यावर तिनं त्याचं धुतलेलं पांढरं धोतर घडी करून बेळ्ळीच्या खाली अंथरलं. बेळ्ळी दुपारभर त्यावर झोपली आणि धोतर स्वच्छ राहिलं. माजावरच्या कुत्रीचं थेंब थेंब गळत राहतं, झोपली तिथं डाग पडतात. इथं एक डाग नाही. मागचं अंग सुजलेलं नाही, रोजच्यासारखंच. मग तिनं बेळ्ळी बसल्यावर खाली जुनी ताटली सरकवली. लघवी गढूळ, गुलाबीसर, आणि वास असा की तिनं तोंड फिरवलं. तोही वास तिच्या ओळखीचा होता. गल्लीतला काळा कुत्रा एकदा कुंपणापर्यंत आला, नाक वर केलं आणि कंटाळल्यासारखा निघून गेला. माजावर असती तर त्यानं कुंपण खाल्लं असतं.

"मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू?" कस्तूरी म्हणाली. "बरं झालं, असं वाटलं. भोग, म्हटलं, राणीसरकार. आणि मग रागच आला. माझा नवरा घेतला, माझी साडी घेतली, आता माझं दुखणं पण घेतलंस? तेवढं तरी माझं एकटीचं राहू द्यायचं होतं."

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. जाऊ दे, असं मनाशीच म्हणाली. गौडांच्या अंगणात चार माणसांत फजिती होऊ दे. मला बघायचंय त्यांचं तोंड.

सोमवारी टेम्पो आला तेव्हा कस्तूरी डोक्यावर पदर घेऊन तयार.

"तू कशाला?" यमनप्पानं विचारलं.

"तुमच्या बेळ्ळीचं लग्न. घरातली बाई नको?"

सून एकटी नको म्हणून गौरव्वानं मला बरोबर धाडलं. आम्ही दोघी मागं, मध्ये बेळ्ळी कस्तूरीच्या साडीवर. खड्डा आला की बेळ्ळी कण्हायची. खड्डा आला की कस्तूरीही पोट धरायची. मी दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, पण मला काही उमगलं नव्हतं.

गौडांच्या अंगणात चिंचेखाली बाजेवर पाच-सहा जण बसले होते. हुलीला सोडला. खरंच देखणा, लांब मान, चालणं एखाद्या पाटलासारखं. तो आला, बेळ्ळीला मागून हुंगलं आणि सरळ चालत जाऊन पाण्याच्या डोणीजवळ आडवा झाला.

बाजेवर हशा पिकला.

"यमनप्पा," गौडा म्हणाले, "नवरी आणलीस की नवरीची आजी?"

"लाजतोय हो गौडा तुमचा हुली. गर्दी बघून."

"माझा हुली लाजतोय? अरे, त्याला कुंपणाच्या तारा थांबवत न्हाईत. आण परत."

हुलीला परत ओढून आणला. या वेळी त्यानं हुंगलंसुद्धा नाही. बेळ्ळी मात्र खाली बसली, थरथरली आणि फरशीवर दोन-तीन लाल थेंब पाडून केकाटली. यमनप्पाचं तोंड उतरलं. मी कस्तूरीकडे पाहिलं. हेच बघायला आली होती ती. पण तिच्या चेहऱ्यावर मजा वाटल्याचं काही दिसेना.

"रक्त तर हाय," बाजेवरचा एक म्हातारा म्हणाला. "कुत्री घाबरलीय. तोंड बांधा आणि दोघं जण धरा. हुली येईल हळूहळू."

यमनप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढला. त्यानं बेळ्ळीचं तोंड धरलं, एकानं मागनं कंबर दाबली. पोटावर हात पडताच बेळ्ळीनं असा आवाज काढला की चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या.

"सोडा तिला!"

कस्तूरी पुढं झाली होती. पदर डोक्यावरून घसरलेला.

"सोडा म्हणते न्हवं! ती माजावर न्हाईच. तिला उन्हाळी लागलीय."

"कस्तूरी, तू मागं हो," यमनप्पा दबक्या आवाजात म्हणाला.

"न्हाई होत. माजावर असती तर झोपल्या जागी रक्त पडलं असतं. तुमचं पांढरं धोतर अंथरून बघितलंय मी, एक डाग न्हाई. हिला रक्त येतं ते फक्त मुतताना. मागचं अंग सुजलंय का बघा. गावातलं एक कुत्रं दारात आलं का, आठवा. आणि कशी बसते ते बघितलंय का कधी? तेल चोळायला बसता रोज, बघितलंय का?"

गौडांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, आमची हयात गेली कुत्र्यांत. तुला गं हे कसं कळलं?"

कस्तूरीनं घसरलेला पदर सावरला. मला वाटलं, आता गप्प बसेल. समोर सगळे बाप्ये.

"मलाच तेच झालंय," ती म्हणाली. "उन्हाळा लागल्यापासनं. मी पण तशीच बसते."

गौडांनी नजर खाली घातली. तोंड बांधा म्हणणारा म्हातारा विडीची काडी शोधायला लागला. यमनप्पा बेळ्ळीला धरून तसाच उकिडवा बसला होता आणि बायकोकडे बघत होता. दीड वर्षात त्यानं तिच्याकडे इतका वेळ बघितलं नसेल.

"टेम्पो मुधोळला घे," शेवटी गौडाच ड्रायव्हरला म्हणाले. "डॉक्टरबाई असतील आता."

गुरांच्या दवाखान्यातल्या हिरेमठ डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी बेळ्ळीला टेबलावर घेतलं, मागचं अंग पाहिलं, पोट दाबलं, लघवी काचेच्या नळीत घेऊन आत जाऊन तपासली.

"मूत्राशयात जंतू झालेत," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "पहिला माज आणि हे दुखणं, यांत भल्याभल्यांची गफलत होते, कारण माजावरची कुत्रीसुद्धा वरचेवर लघवीला जाते, चाटत बसते. पण तेव्हा तिथं सूज असते आणि लघवी नसतानाही रक्त गळतं. ही नुसती लघवीतूनच रक्त टाकतेय. आज जबरदस्ती केली असती तर जंतू वर गर्भाशयापर्यंत गेले असते. बांधून ठेवत होता का हिला?"

"माजावर आली म्हणून... खोलीत," यमनप्पा म्हणाला.

"लघवी तुंबून दुखणं आणखी वाढलं. दिवसातून चार-पाच वेळा मोकळं सोडा. गोळ्या देते, बरं वाटलं तरी मध्येच बंद करायच्या नाहीत. आणि खरा माज येईल तेव्हा येईल. या जातीत उशिराच येतो." मग त्या कस्तूरीकडे वळल्या. "ओळखलं कुणी? तुम्ही?"

कस्तूरीनं मान हलवली. तेवढ्यात कळ आली असावी, तिनं टेबलाची कड धरली. डॉक्टरबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा यमनप्पाकडे.

"माणसांचा दवाखाना पुढच्या चौकात आहे," त्या म्हणाल्या. "इथूनच जा. घरी जाऊ नका आधी."

गेलो. पण तिथं कुत्र्याला आत घेईनात, म्हणून यमनप्पा बेळ्ळीला मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसला आणि कस्तूरी माझ्याबरोबर आत गेली. आतून ती खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. "बघ," मला म्हणाली, "माझ्या डॉक्टरकडं आलो तरी मांडीवर तीच." मला हसू आलं आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं.

तिथल्या डॉक्टरबाई रागावल्या. इतके दिवस अंगावर का काढलं, मूत्रपिंडाला लागलं असतं तर? आठवडाभर इंजेक्शनं सांगितली. रोज मुधोळला जायचं. मी म्हटलं, मी आणीन हिला. बाहेर आल्यावर यमनप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सावक्का, तू नको. मी आणतो." आणि आणलं. ऊस तोडायला टोळी आलेली असतानाही आणलं. वाटेत दोघं बोलत नसत, असं कस्तूरी सांगायची. एका दिवशी परत येताना त्यानं गाडी थांबवली, रसवंतीत दोघांना रस घेतला आणि म्हणाला, "तू मला नीट सांगायचं होतंस."

"तीनदा सांगितलं."

"तीनदा?"

"तीनदा."

तो रस पीत राहिला. मग म्हणाला, "माझं चुकलं." एवढंच. कस्तूरीला ते पुरलं नाही, पण तिनं ते जपून ठेवलं.

दोघी बऱ्या झाल्या. कस्तूरीचा मत्सर गेला असं म्हणाल तर नाही. ती मला साफ सांगायची, "सावक्का, ती समोर आली की अजून मला रागच येतो. पण आता तिची कीव पण येते. दोन्ही एकदम येतं, काय करू?" मी म्हणायचे, दोन्ही असू दे.

श्रावणाच्या सुमाराला बेळ्ळी खरोखर माजावर आली. या वेळी कुणाला शंकाच नव्हती. मागचं अंग फुगलेलं, बसेल तिथं थेंब, आणि कुठून कुठून आलेली कुत्री दारात धरणं धरून. यमनप्पा नेमका तेव्हा आजारी मामाला बघायला बागलकोटला गेलेला. गौडांचा निरोप आला, हुली अजून इथंच आहे, आणायची का? कस्तूरीनं यमनप्पाला न विचारताच उत्तर दिलं, "न्हाई. पोर हाय अजून ती. पुढच्या खेपेला बघू." आणि बेळ्ळीला आतल्या खोलीत घेऊन, हातात काठी घेऊन उंबऱ्यावर बसली. दिवसातून चार-पाच वेळा तिला साखळीनं परसात न्यायची, तेव्हा मी कुंपणाशी दगड घेऊन उभी. कुत्र्यांची ती फौज हाकलता हाकलता आमचे घसे बसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यमनप्पा आला. पाय धुतले नाहीत, पिशवी खाली ठेवली नाही, अंगणातूनच म्हणाला, "बेळ्ळी कशी हाय?"

कस्तूरी उंबऱ्यावर होती. केस विस्कटलेले, काठी मांडीवर. उठली नाही.

"आधी मला विचारा," ती म्हणाली.

यमनप्पानं माझ्या ओट्याकडे पाहिलं, मी मशीनकडे पाहिलं. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"तू कशी हायस?"

"मी बरी हाय. कंबर दुखतीय थोडी." तिनं काठी बाजूला ठेवून त्याला आत जायला वाट दिली. "आता तिचं विचारा."